पितळ, चामडे आणि घडवणारे हात
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा मोठ्या माणसांविषयी बोलले जाते. आजचा विषय लहान वस्तूंचा आहे. टेबलावरचे पेपरवेट, पुस्तकांना दोन्ही बाजूंनी टेकू देणारे आधार, बाटलीचे बूच काढण्याची किल्ली, कुंड्यांना पाणी घालण्याची झारी, भिंतीवरची खुंटी अशा या वस्तू. पितळ आणि चामडे हे त्यांचे मुख्य साहित्य, आणि ऑस्ट्रियातील व्हिएन्ना हे त्यांचे गाव. तेथील आउबॉक कुटुंब चार पिढ्या त्या घडवत आले आहे. चारही पिढ्यांतील मुख्य पुरुषाचे नाव एकच, कार्ल आउबॉक. आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल मराठी घराला परकी नाही. पण नावाबरोबर भट्टी, कानस आणि साचे हाती देण्याची चाल मात्र मराठी घरांतून वेगाने नाहीशी झाली. ती का झाली आणि तिच्याबरोबर काय गेले, हा या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

व्हिएन्नाच्या सातव्या विभागात, नॉयबाउ नावाच्या भागात, बेर्नार्डगासे ही एक अरुंद गल्ली आहे. तेथे २३ क्रमांकाच्या घरात ही कार्यशाळा आहे. पहिले कार्ल आउबॉक हे त्या काळच्या प्रसिद्ध ‘व्हिएन्ना ब्राँझ’ प्रकारातील लहान मूर्ती घडवत. प्राणी, पक्षी, नर्तकी अशा दिवाणखान्यात मांडण्याच्या त्या शोभेच्या वस्तू होत्या. त्यांचा मुलगा, दुसरा कार्ल, १९०० साली जन्मला. वडिलांच्या हाताखाली तो धातूवर ठसकाम आणि कोरीवकाम शिकला आणि मग चित्रकलेकडे वळला. योहानेस इटेन हे चित्रकार त्या वेळी व्हिएन्नात स्वतःची कलाशाळा चालवत होते. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिउस यांनी जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही संस्था स्थापन केली, तेव्हा इटेन तेथे शिक्षक म्हणून गेले. त्यांच्यामागोमाग व्हिएन्नातील काही विद्यार्थी गेले. तरुण कार्ल त्यांच्यापैकी एक होता. बाउहाउसमध्येच शिकणारी बल्गेरियाची मारा पुढे त्याची सहधर्मचारिणी झाली.

इटेन यांच्या प्राथमिक वर्गाची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. ते विद्यार्थ्याला प्रथम काढायला चित्र देत नसत; हाताळायला पदार्थ देत. खरखरीत आणि गुळगुळीत, कठीण आणि मऊ, थंड आणि उबदार, जड आणि हलके अशा विरोधी गुणांच्या जोड्या डोळ्यांनी पाहायच्या, बोटांनी चाचपायच्या आणि मग शेजारी शेजारी ठेवायच्या. एका पदार्थाचा गुण दुसऱ्याच्या सान्निध्यात अधिक उठून दिसतो, हा त्या पाठाचा सार होता. १९२५ मध्ये वडील निवर्तल्यावर कार्यशाळा दुसऱ्या कार्लच्या हाती आली. त्याने हळूहळू नर्तकी आणि पक्षी बाजूला ठेवले आणि रोजच्या वापरातील वस्तूंना हात घातला. पितळेला चामड्याची, वेताची, लाकडाची, शिंगाची सोबत दिली. इटेनच्या वर्गातील जोड्या आता घराघरांत टेबलावर येऊन बसल्या.

या निवडीला सौंदर्याइतकाच व्यवहाराचा आधार आहे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. जस्ताचे प्रमाण वाढवावे तसतसा रंग सोनेरी तांबूस छटेकडून फिकट पिवळ्याकडे सरकतो आणि धातू अधिक कठीण होतो. हे मिश्रण साधणे प्राचीन काळी सोपे नव्हते. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होऊन उडून जाते. ही वाफ मातीच्या पात्रांतून खाली ओढून थंड करण्याची आणि शुद्ध जस्त मिळवण्याची विद्या राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तेथील पात्रांचे ढीग आजही पाहायला मिळतात. पितळेचा इतिहास सांगताना भारताला पाहुण्याच्या जागी बसावे लागत नाही.

पितळ जड असते, त्यामुळे ते कागद जागच्या जागी धरून ठेवते. ते सहज ओतता येते, कानशीने घासता येते आणि त्यावर चमक चढते. पण उष्णता ते झरझर वाहून नेते. हिवाळ्यात त्याचा स्पर्श बर्फासारखा लागतो आणि गरम पेयाच्या भांड्याची मूठ त्याची केली तर बोटे भाजतात. चामडे नेमके येथे कामी येते. ते उष्णता अडवते, हाताला घट्ट पकड देते, जड आधाराखाली लावले तर टेबलावर ओरखडा पडू देत नाही. झाडाची साल आणि फळे वापरून कमावलेले चामडे ओले असताना हव्या त्या आकारावर ताणता येते आणि वाळताना ते आकसून धातूला बिलगते. आउबॉक कार्यशाळेतील मुठी, वेष्टने आणि टाके याच ज्ञानावर उभे आहेत. पितळेलाही तेथे एकच रूप नसे. रासायनिक द्रावणाने ते काळपट करायचे आणि मग हात जेथे लागतो तेथील काठ घासून पुन्हा उजळ करायचे, ही त्या कार्यशाळेची ओळख ठरली.

शोभेपेक्षा उपयोग मोठा मानणाऱ्या या कार्यशाळेला विनोदाचे वावडे नव्हते. तेथील पेपरवेट माणसाच्या हाताच्या किंवा पावलाच्या आकाराचे असते, अंड्याच्या आकाराचेही असते. बूच काढण्याचे साधन भल्यामोठ्या जुन्या किल्लीसारखे दिसते. झाडाच्या बुंध्याचा आडवा काप घेऊन त्याला पाय जोडले की टेबल तयार होते. व्हिएन्नातील गृहस्थाला पेपरवेट ही कदाचित हौस वाटत असेल. छताचा पंखा गरगरणाऱ्या भारतीय कचेरीत मात्र ती निकड आहे, आणि कित्येक कचेऱ्यांत ती निकड रस्त्यावरच्या गुळगुळीत दगडाने भागवली जाते. त्या दगडाची निवड करणाऱ्या कारकुनाची दृष्टी आणि आउबॉकची दृष्टी यांत फार अंतर नाही.

१९५४ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात या वस्तूंना सुवर्णपदके मिळाली. १९५७ मध्ये दुसऱ्या कार्लचे निधन झाले. तिसरा कार्ल वास्तुविशारद होता, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातही तो काही काळ शिकला होता; महायुद्धोत्तर व्हिएन्नात रोलँड राइनर यांच्यासमवेत त्याने तयार भागांच्या घरांची वसाहत आखली. चौथा कार्लही वास्तुविशारदच. उच्च शिक्षण घेतलेल्या या दोन पिढ्यांनी कार्यशाळा मोडीत काढली नाही. जुने साचे आणि आराखडे जपले, त्यांवरून आजही थोड्या थोड्या संख्येने वस्तू निघतात. शिक्षण आणि हातकाम यांपैकी एकच निवडले पाहिजे, असे त्या घराला वाटले नाही. पालकवर्गाने मनात ठेवावी अशी ही पहिली गोष्ट.

बाउहाउस आणि भारत यांची भेटही फार लवकर झाली होती. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात क्ले, कँडिन्स्की आणि याच इटेन यांच्या कलाकृती मांडल्या गेल्या. ते घडवून आणण्यात स्टेला क्रामरिश या विदुषीचा मोठा वाटा होता. त्या व्हिएन्ना विद्यापीठात शिकलेल्या आणि रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आलेल्या. पुढे १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून प्रेरणा घेऊन १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. त्या अहवालात भारतातील सर्वांत सुंदर वस्तू म्हणून गौरव कशाचा व्हावा? साध्या लोट्याचा, म्हणजे मराठी घरातल्या तांब्याचा. तो भरलेला आणि रिकामा असताना किती जड लागतो, कमरेवर आणि हातात कसा बसतो, त्यातून पाणी कसे पडते, तो घासायला सोपा आहे का, ठेवताना त्याचा आवाज कसा येतो, असे प्रश्न त्या दांपत्याने विचारले आणि एकट्यादुकट्या माणसाने तो घडवलेला नसून असंख्य पिढ्यांनी घडवला, हे नमूद केले.

येथून विषय स्वाभाविकपणे मराठी स्वयंपाकघरात येतो. हंडा, कळशी, घंगाळ, बंब, परात, सतेले, समई, पानाचा डबा ही पितळेची आणि तांब्याची दुनिया दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत प्रत्येक बऱ्या घरात होती. परप्रांतात नोकरी-व्यवसायासाठी गेलेल्या कुटुंबांनीही ट्रंकेत चार भांडी घालून ती बरोबर नेली. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे गृहिणीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते; म्हणून कल्हईवाला दारी येई, नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथलाचा हात फिरवी आणि भांडे आतून चांदीसारखे उजळे. काळवंडलेल्या तांब्याला चिंच चोळली की चिंचेतील आम्ल वरचा थर विरघळवी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठाराचे ठोके आजही ऐकू येतात. त्या ठोक्यांनी भांड्यावर नक्षी उठते, हा एक भाग. थंड धातूवर सतत ठोके पडल्याने तो टणक होतो आणि पातळ पत्र्यालाही बळकटी येते, हे त्यांचे खरे काम.

मग अॅल्युमिनियम आले, पोलाद आले, प्लास्टिक आले. हलके, न कळकणारे, कल्हई न मागणारे पोलाद घराघरांतील स्त्रीचे कष्ट खरोखरच कमी करून गेले, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार भांडी कधीही न घासलेल्या माणसाला नाही. पण जुनी भांडी गेली ती वजनावर, मोडीच्या भावाने. त्यांच्यात गेलेल्या कौशल्याचे वजन कोणत्याही तराजूवर झाले नाही.

त्या भांड्यांवर नावे असत. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत दिलेल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, तिथी किंवा तारीख कोरलेली असे. भांडे शेजारी गेले तरी नावावरून परत येई. परंतु त्यांतील एकाही भांड्यावर ते घडवणाऱ्या तांबटाचे, कासाराचे किंवा ओताऱ्याचे नाव सहसा नसे. आउबॉकच्या पेपरवेटच्या तळाशी घडवणाऱ्या घराण्याचे नाव ठशाने उमटवलेले असते. मराठी घरातील परातीवर घडवणारा सोडून बाकी सगळ्यांची नोंद असते. एकीकडे वस्तूचे मोल कर्त्याच्या नावाने वाढत गेले आणि तिचा व्यवसाय चार पिढ्या टिकला. दुसरीकडे कर्ता अनामिक राहिला, त्याला धातूच्या भावावर थोडी मजुरी मिळत राहिली आणि त्याच्या मुलाने, योग्य तेच करून, दुसरी वाट धरली.

आता चामड्याकडे वळावे लागेल, आणि येथे बोलणे अधिक स्पष्ट असणे भाग आहे. व्हिएन्नात पितळ आणि चामडे एकाच मुठीत एकत्र आले. मराठी घरात ते एकत्र आले नाहीत. पितळ देवघरात गेले, चामडे उंबऱ्याबाहेर राहिले. ही विभागणी पदार्थांची नव्हती, माणसांची होती. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्काने कातडे कमावणारे, त्यातून विहिरीची मोट, पाण्याची पखाल आणि पायातली वहाण शिवणारे हात कुशल होते. पण त्यांच्या कौशल्यालाच त्यांचा कलंक ठरवले गेले. ज्या मोटेच्या पाण्यावर मळा पिकला ती शिवणाऱ्याला त्याच विहिरीवर मात्र पाणी भरता येत नसे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताच्या कामाविषयीची मनातली उतरंड मात्र एका कलमाने सपाट होत नाही.

या विभागणीचा खोटेपणा त्या वस्तूच उघड करतात. तांबटाच्या, कासाराच्या, कल्हईवाल्याच्या भट्टीला वारा घालणारा भाता चामड्याचा असे. त्या भात्याशिवाय धातूचा रस होत नाही. म्हणजे देवघरातल्या समईच्या जन्मातच चर्मकाराचा श्वास मिसळलेला होता. तबल्याच्या जोडीतला डग्गा पाहावा. भांडे तांब्याचे किंवा पितळेचे, वर पुडी कातड्याची, ती ताणून धरणारी वादीही कातड्याची. देवळातला नगारा आणि गोंधळ्याचे संबळ यांचीही घडण तशीच. धातू आणि कातडे स्वयंपाकघरात एकमेकांच्या शेजारी बसू शकले नाहीत. नादात मात्र ते एकजीव झाले, आणि ज्या देवाच्या दारात एकाला मज्जाव होता त्याच देवासमोर ते दोघे मिळून वाजत राहिले. इटेनने विद्यार्थ्यांना शिकवलेला विरोधी पदार्थांचा पाठ या देशातील कारागिराला अवगत होता. समाजाने त्याला तो घरात गिरवू दिला नाही, एवढेच.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून तो मान आहे. दोन राज्यांच्या सीमेपलीकडे पसरलेली ही कला सांगते की कौशल्याला भाषेचा किंवा प्रांताचा कुंपणदोरा नसतो. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

शाळेचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. ती योजना देशभर रुजली नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक घरात आहे. मुलाचे हात माखले की ते शिक्षणात मागे पडले, असे मानणारा पालक प्रत्येक पिढीत सापडतो. कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकण्याची विनंती पालकसभेतच होते. आउबॉक घराण्यातील तिसऱ्या पिढीने इमारती आखल्या आणि बेर्नार्डगासेतील भट्टीही विझू दिली नाही. या उदाहरणाचे मोल येथे आहे. पदवीमुळे हात विसरण्याची सक्ती कोणी कोणावर करत नाही; ती सक्ती माणूस स्वतःवर लादतो.

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेला एका कार्यशाळेकडून घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही आजच करता येण्यासारख्या आहेत. घरात जे पितळेचे भांडे उरले असेल त्यावरचे नाव मुलांना वाचून दाखवावे आणि ते नाव कोणाचे, भांडे कोणत्या गावचे, कशासाठी वापरले, हे लिहून ठेवावे. माहीत असल्यास घडवणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत लिहावे. शाळेने आपल्याच शहरातील ओतकाम करणारा आणि चामडे शिवणारा, दोघांना एकाच दिवशी, एकाच वर्गात, शिक्षकाच्या खुर्चीवर बसवावे. त्यांना कौतुकाचा नारळ देऊन बोळवू नये, तासाचे मानधन द्यावे. आणि तिसरे, ज्या मुलाची किंवा मुलीची बोटे पेनापेक्षा कानशीवर अधिक सहज चालतात, त्या मुलाचे नाव घरात चिंतेच्या सुरात घेऊ नये.

माध्यम टिकवणे म्हणजे केवळ पाठ्यपुस्तकाची भाषा टिकवणे नव्हे. मठार, भाता, कल्हई, वादी, पुडी, मोट, पखाल हे शब्द कोशात जिवंत राहत नाहीत. ते काम करणाऱ्याच्या तोंडी राहतात. काम गेले की शब्द जातात, आणि शब्द गेले की ज्या भाषेसाठी ही शाळा परमुलखात साठ वर्षे उभी राहिली तिचा एक एक कोपरा मुक्याने रिकामा होतो. जी मुले येथे पितळेला पितळ आणि चामड्याला चामडे म्हणायला शिकतील, ती दोन्हींना एका मुठीत धरायलाही शिकोत.